सून न टिकणारं घर

आयुष्यात मी ज्या माणसांचा सगळ्यांत जास्त हेवा केला, ती माणसं मी कधी डोळ्यांनी पाहिली नाहीत. एक म्हातारा बाप, त्याचे तीन तरणेताठे मुलगे, पुष्कळ घोडे आणि नजर पोचणार नाही इतकी गुरं. ही मंडळी अमेरिकेतल्या टेलिव्हिजनवर दर रविवारी संध्याकाळी दिसायची. आम्ही राहायचो मल्लेश्वरमात. साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा बंगळुरात टेलिव्हिजन नावाची वस्तू फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात असायची. त्यामुळे हे कुटुंब आमच्या घरात शिरलं ते माझ्या धाकट्या जावेच्या तोंडून, आणि शिरलं ते थेट माझ्या जागेवर येऊन बसलं.

माझी जागा म्हणजे दुपारची. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणायची. मूळचे बेळगावचे, नोकरीपायी बंगळुरात आले आणि इथलेच झाले. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा कन्नडचा मला गंध नव्हता. भाजीवालीशी कसं बोलायचं ते मला अण्णांनी शिकवलं. "'स्वल्प कम्मी माडी' म्हण, म्हणजे जरा कमी कर, आणि हसून म्हण. भांडायचं असलं तर मराठीत भांड, तिला कळणार नाही," असं ते सांगायचे. सासूबाईंचं शेवटचं आजारपण मीच काढलं. त्यानंतर अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसू लागले, आणि मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, पिकल्याशिवाय काढता येत नाही. तो पिकेपर्यंत अण्णांना अक्षर दिसेना, म्हणून रोज दुपारी पोथी वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं.

काम कसलं, तो माझा मान होता. मुलं शाळेत, आमचे हे कारखान्यात, घर शांत. अण्णा उपरणं पांघरून पाटावर ताठ बसत. मी एक अध्याय वाचायची. अध्याय संपला की ते हात जोडत. मी दूध-साखरेची वाटी पोथीपुढं ठेवायची, नैवेद्य दाखवायची आणि मग ती वाटी त्यांच्या हातात द्यायची. खरी मजा त्याच्या पुढची. वाटी संपेपर्यंत आम्ही गप्पा मारायचो. "आज आवाज बसलाय तुझा. रडलीस काय?" असं विचारणारा त्या सबंध शहरात हा एकच माणूस होता. आमचे हे स्वभावानं चांगले, पण ते घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. मला कुणी ऐकत असेल तर ते अण्णा.

धाकटे दीर सरकारी संशोधनाच्या नोकरीत. तीन वर्षांसाठी बायकोला घेऊन अमेरिकेला गेले होते, ते त्या वर्षी दसरा झाल्यावर परतले. क्वार्टर मिळेपर्यंत ते आमच्याकडंच राहणार होते. धाकटी धारवाडची. गोरी, लांब बोटांची, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा पाण्यासारख्या बोलणारी. तीन वर्षांत चांगलीच वाळली होती. ती मला "अक्का" म्हणायची. सामानातून तिनं मला नायलॉनची एक निळी साडी काढून दिली. मी साडी घेतली आणि हिच्याबद्दल चांगलंच बोलायचं असं मनाशी ठरवलं. ते आठवडाभर टिकलं.

एक दिवस पोथी झाल्यावर अण्णांनी तिला सहज विचारलं, "तिकडं संध्याकाळी काय करत होता गं तुम्ही?"

"आठवडाभर काही नाही," ती म्हणाली. "रविवारी मात्र खालच्या मालकीणबाई टेलिव्हिजन बघायला बोलवायच्या."

"काय दाखवतात त्यात?"

आणि तिनं त्या बाप-लेकांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. कुणीतरी परका माणूस त्यांच्या रानात शिरतो, कुरणाला आग लावतो, मधला मुलगा घोड्यावरून त्याच्यामागं जातो, वगैरे. सांगताना ती लांब बोटांनी पाटावर घोड्यांच्या टापा वाजवायची. घोडा लांब असला की हळू, जवळ आला की जोरात. अण्णांनी मान पुढं काढली. माझ्या पोथीला त्यांनी मान कधी पुढं काढली नव्हती. पोथीतलं सगळं त्यांना आधीच पाठ होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "आज अध्याय जरा लहान घे." चौथ्या दिवशी म्हणाले, "पोथी आपण सकाळी वाचू या का?"

सकाळी! बंब पेटवायचा, मुलांचे डबे, ह्यांचा डबा, पाणी जाण्याआधी भांडी. सकाळी मला श्वास घ्यायला फुरसत नसे, आणि हे अण्णांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. मी म्हटलं, "वाचू की." पोथी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली, आणि ती तिथंच राहिली. नव्याचे नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. नऊ झाले, मग महिना झाला. नवलाई काही ओसरेना. तीन वर्षांचे रविवार होते तिच्याकडं, संपणार कसे?

थंडी पडली, बाजारात पावटे आले. शेजारच्या कन्नड अम्मा रोज दुपारी पावट्याच्या शेंगा सुपात घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसू लागल्या. शेंगा सोलायच्या आणि गोष्ट ऐकायची. धाकटी त्यांच्यासाठी मधूनच कन्नडात सांगायची, परत मराठीत यायची, आणि अण्णा दोन्हीकडं हसायचे. माझ्या पोथीला कधी अम्मा आल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरात बसून भांड्यांचा जरा जास्तच आवाज करायची. पण ऐकायचीही. न ऐकून जाते कुठं?

कहर झाला तो वाटीचा. एक दिवस गोष्ट संपली, आणि सवयीनं अण्णांनी हात जोडले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वाटी आण की गं."

पिस्तुलं उडवणाऱ्या माणसांच्या गोष्टीला नैवेद्य! पण सासऱ्यांनी मागितलेली वाटी नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. मी दूध आणलं. साखर एक चमचा कमी घातली. अण्णांनी ते पिऊन टाकलं. त्या दिवसापासून वाटी रोजची झाली, आणि ती धाकटीच्या गोष्टीपुढं मी, माझ्या हातानं नेऊन ठेवायची. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत नीट कळलं.

ऐकून ऐकून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. त्या घरात बाई टिकत नसे. बाप विधुर. मुलगे एकाहून एक देखणे, पण लग्न कुणाचंच होत नाही. दर चार-दोन गोष्टींत एखाद्या मुलाचं मन एखाद्या पोरीवर बसायचं, ती घरी यायची, बापाच्या पाया पडल्यासारखं काहीतरी करायची, आणि तासाच्या आत बिचारी तापानं तरी जायची, गोळी लागून तरी जायची, नाहीतर गाडीत बसून आपल्या गावाला निघून जायची. पुढच्या रविवारी परत चौघे पुरुष जेवायला बसलेले.

एकदा अशीच एक पोरगी गेली. धाकटीचा आवाज बारीक झाला, अम्मांनी पदर डोळ्याला लावला. अण्णांनी गंभीरपणे विचारलं, "साखरपुडा झाला होता काय त्यांचा?"

"नाही बहुतेक," धाकटी म्हणाली.

"मग सुतक नाही त्यांना," अण्णा म्हणाले आणि त्यांनी नि:श्वास टाकला.

मला राहवलं नाही. दारात येऊन मी विचारलं, "त्या घरात स्वयंपाक कोण करतं?"

"स्वयंपाकी आहे अक्का," धाकटी म्हणाली. "पगारी."

"बरोबर," मी म्हटलं. "सुना नसल्या तर पगार द्यावा लागतो." अम्मांना मराठी कळलं नाही, तरी त्या हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं बराच वेळ बघितलं.

असं करता करता धाकट्या दिरांना क्वार्टर मिळालं. कुठं, तर के. आर. पुरमच्या अलीकडं. तेव्हा ते म्हणजे बंगळुराच्या बाहेर. बस तासातासानं, क्वार्टरांच्या ओळी नव्याकोऱ्या, निम्म्या रिकाम्या, आणि पलीकडं माळ. रात्रीच्या जेवणाला दिरांनी विषय काढला. "अण्णा, तुम्ही आमच्याकडं या ना. हवा चांगली आहे. दादानं इतकी वर्षं केलं, आता आम्हाला करू द्या."

आमचे हे भातावर ताक ओतत म्हणाले, "अण्णांची मर्जी." माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"सरी," अण्णा कन्नडात म्हणाले, म्हणजे बरं आहे. "संक्रांतीला सांगतो."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लोक काय म्हणतील हा एक भाग होताच. थोरलीकडून म्हातारा उठून गेला म्हणजे थोरलीनंच काहीतरी केलं असणार, हे आमच्या समाजात सांगावं लागत नाही. पण ते निभावता आलं असतं. अण्णा गेले तर दुपारी मी कुणाशी बोलणार होते? ज्या माणसानं मला या गावात बोलायला शिकवलं, तो माणूस ही बाई तीन महिन्यांत, बोटांनी टापा वाजवून, घेऊन चालली होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय खोटं?

मग मला हत्यार सापडलं. अण्णा धाकटीला दर दोन दिवसांनी एक प्रश्न विचारायचे. "एवढ्या गाई म्हणजे दूध किती निघत असेल गं? लोणी कुठं ठेवतात?" आणि धाकटी खाली बघून म्हणायची, "पुष्कळ निघतं अण्णा. गावात विकतात." मी हे एकदा ह्यांना सांगितलं. हे पोट धरून हसले. "अगं, दूध कसलं? ती गुरं कापायला पाळतात. मांसाचा धंदा आहे तो. तिकडं सगळे तेच खातात."

मी ते ऐकलं आणि गुपचूप ठेवून दिलं. अण्णा पानात कांदासुद्धा चातुर्मासात चालू देत नसत. त्यांना हे कळलं की गोष्ट बंद, वाटी बंद, आणि के. आर. पुरमही बंद. फक्त वेळ साधायची होती.

वेळ आली ती संक्रांतीच्या दोन-तीन दिवस आधी. धाकटी दिरांबरोबर क्वार्टर झाडायला गेली होती. अम्माही आल्या नव्हत्या. मी तीळ निवडायला घेतले. अण्णा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "आज पोथी वाचतेस?"

इतक्या दिवसांनी. मी हात धुऊन पोथी काढली, पाट मांडला, वाचायला लागले. पहिल्या दहा ओव्या बऱ्या गेल्या. मग अण्णांनी मध्येच विचारलं, "धाकट्या मुलाचा घोडा काल मिळाला का गं शेवटी? मला वाटतं मी पेंगलो."

मी पोथी मिटली. अध्याय अर्धा ठेवून मिटली. अशी पोथी मिटू नये, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"मिळाला घोडा," मी म्हटलं. "आणि अण्णा, एक सांगू? त्या गाईंचं दूध कुणी काढत नाही. त्या कापायला पाळतात. गुरांचं मांस विकून ते घर मोठं झालंय. त्या गोष्टीला तुम्ही हात जोडता, आणि मी तिच्यापुढं नैवेद्य ठेवते."

मला वाटलं होतं ते दचकतील, राम राम म्हणतील, चूळ भरायला पाणी मागतील. अण्णांनी फक्त उपरणं सारखं केलं.

"एवढी गुरं दुधाला कोण पाळतं गं?" ते म्हणाले. "मोतीबिंदू डोळ्यांत आहे माझ्या, डोक्यात नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग रोज दुधाचं कशाला विचारता तिला?"

"न विचारलं तर तिला वाटेल म्हाताऱ्याला कळलं. मग तिची जीभ अडखळेल माझ्यापुढं. गोष्ट बंद होईल."

"होऊ दे की बंद!" मी एवढ्या जोरात बोलले की ओसरीवरची चिमणी उडाली. "काय अडलंय तुमचं त्या गोष्टीवाचून?"

अण्णा पाटावर माझ्याकडं वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "तू ऐकतेस ना आतून रोज? मग सांग. अमेरिकेचं ती दुसरं काय बोलते? मोटारी, दुकानं, बर्फ. माणूस येतं का एक तरी तिच्या बोलण्यात? शेजारीण? मैत्रीण? नवऱ्याचासुद्धा विषय येत नाही. येतात ते हे चौघेच. कोण कुठं बसतो, कुणाला राग लवकर येतो, बाप कुणाला काय म्हणाला. तीन वर्षांत पोरीला तेवढंच एक घर मिळालं बघ. तेसुद्धा आठवड्यातून एक तास, आणि दुसऱ्याच्या खोलीत बसून."

मी सगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि हे मला ऐकू आलं नव्हतं. ते खरं होतं. खरं होतं म्हणून मला आणखीच राग आला. म्हणजे आता तिचा हेवा करायचीही चोरी.

"मी जाणार आहे त्यांच्याबरोबर," अण्णा म्हणाले. "संक्रांतीला सगळ्यांसमोर सांगेन, पण तुला आधी सांगतो. तो सकाळी जाईल तो रात्री येईल. भोवती माळ. परत दिवसभर ती एकटी, परत तेच. कुणीतरी हवं ऐकायला."

"आणि मी?" हे मी बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"तुझी मुलं आहेत, अम्मा आहेत, सगळी गल्ली तुला ओळखते. तुझं घर भरलंय."

"मुलं शाळेत जातात अण्णा. गल्लीशी मी किती बोलते ते तुम्हाला माहीत आहे." माझा आवाज फुटला, आणि तो त्यांना कळणार हेही मला माहीत होतं. "मी कुठं कमी पडले, तेवढं तरी सांगा मला."

"कुठंच नाही," अण्णा म्हणाले. "म्हणून तर जाता येतंय."

मी तिळाचं सूप उचललं आणि आत गेले. चुलीपुढं बसून मी विचार केला की मी जरा अजागळ असते, सतत आजारी असते, अधूनमधून माहेरी निघून जाणारी असते, तर अण्णा राहिले असते. जी निभावते तिला सोडून जाता येतं. एवढी वर्षं न चुकता केलं त्याचं हे फळ. लोक म्हणतात मत्सर वाईट. असेल. पण तो काही हवेतून येत नाही. धाकटीला अण्णांची गरज होती हे मला मान्य होतं, तेव्हाही आणि आजही. मला त्यांची गरज नव्हती हे कुणी ठरवलं? ते मात्र मला विचारून ठरलं नाही.

संक्रांतीला अण्णांनी सगळ्यांना तिळगूळ दिला आणि आपला निर्णय सांगितला. दिरांना आनंद झाला. आमचे हे "बरं" म्हणाले. धाकटी मात्र एकदम माझ्याकडं बघायला लागली. मग माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अक्का, मी त्यांना बोलवलं नव्हतं. खरंच. मला भीती वाटते, मला जमेल का त्यांचं सगळं?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला सगळं सांगितलं. अण्णांना भात मऊ लागतो, अंघोळीचं पाणी कडक लागतं, संध्याकाळी अंधुक झालं की उंबरठ्यापाशी हात धरावा लागतो, डोळ्यांचं औषध कधी घालायचं. काहीही लपवलं नाही. ती मान हलवत राहिली, आणि तिचं एकेक "हो अक्का" माझ्या काळजाला घरं पाडत गेलं.

टॅक्सी आली तेव्हा अण्णांचं सामान बांधायचं राहिलं होतं. आमचे हे म्हणाले, मी बांधतो. मी म्हटलं, नको, मीच बांधते. गादी घातली, वर त्यांचं घोंगडं, उशी, दोन धोतरं, आणि वळकटी गुंडाळली. गुडघा रोवून दोरी आवळली, परत आवळली, गाठीवर गाठ मारली. अण्णा शेजारी उभे राहून ऐकत होते. "बास की गं," एवढंच म्हणाले. मी आणखी एक गाठ मारली.

ती वळकटी तिकडं कुणाला सुटेना. दिरांनी ओढून पाहिली, धाकटीनं दातांनी पाहिली, शेवटी दोरी विळीवर धरून कापावी लागली. धाकटीनं पुढं मला हे हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.